घात कुठे बेरजेचा, कुठे गुणाकाराचा

नोव्हेंबरात रेडमंडला साडेचारच्या सुमारास दिवेलागण होते आणि घरोघरी गृहपाठाच्या वह्या उघडतात. परवा आमच्या नातीने क्षवर्ग गुणिले क्षघन याचे उत्तर 'क्षचा सहावा घात' असे लिहिले. बे त्रिक सहा! चूक आहे म्हटल्यावर वही मिटून म्हणाली, "आजोबा, मला मॅथ जमतच नाही."

तिला सगळे नियम पाठ होते. कुठला कुठे लावायचा, एवढेच कळत नव्हते. मी म्हटले, नियम राहू देत, उलगडून लिही. क्ष क्ष, आणि पुढे क्ष क्ष क्ष. मोज. पाच! आता क्षवर्गाचा घन: 'क्ष क्ष' ही जोडी तीनदा. सहा.

वाचकहो, आपल्या जुन्या बीजगणितात हा फरक नावातच आहे. तिथे 'घात' म्हणजे गुणाकार (विश्वासघात नव्हे!). वर्ग आणि घन यांचा गुणाकार तो 'वर्गघनघात', म्हणजे पाचवा. घनाचा वर्ग तो 'घनवर्ग', म्हणजे सहावा. ब्रह्मगुप्त तर सरळ 'पंचगत', 'षड्गत' म्हणतो. भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत. थोडक्यात 'या', तिचा वर्ग 'याव', घन 'याघ'. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढल्याची नोंद आहे. आमच्याकडे नातीला आजोबा शिकवतात, एवढाच फरक.

तीन क्षवर्गाच्या घनात मात्र चांगली चांगली मुले फसतात. क्षचा सहावा घात बरोबर येतो, पण मागचा ३ तसाच राहतो. कंसातले सगळेच तीनदा येते, म्हणून २७.

शून्य घाताशी ती पुन्हा अडली. "शून्य वेळा गुणले तर शून्यच ना?" बाबा सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे २ चा दहावा घात १०२४ हे तिला तोंडपाठ. म्हटले, तिथून एकेक पायरी खाली उतर. ५१२, २५६... ८, ४, २. दर पायरीला निम्मे. दोनाच्या खाली?

"एक!" आणि मी न विचारताच पुढे, "मग अर्धा, मग पाव..." उणे घात तिचा तिनेच शोधला.

वही बंद करताना विचारते, "आजोबा, घात अर्धा असू शकतो?"

म्हटले, आधी फराळ.