ब्लॅक बुकमधली सीडी

विभागाच्या लायब्ररीत जुन्या बॅचेसची ब्लॅक बुकं रांगेने उभी आहेत. कुठलंही उघडा, शेवटच्या कव्हरला आतून एक पाकीट चिकटवलेलं असतं आणि त्यात एक सीडी. सोर्स कोड, सर्किटची ड्रॉइंग्ज, प्रेझेंटेशन असा खरा माल त्या सीडीतच असतो. कागदावर छापलंय ते व्हायवाला चाळण्यापुरतं!

माझं म्हणणं साधं आहे. या सगळ्या सीडी याच वर्षी उतरवून घ्यायला हव्यात, आणि ते काम लिनक्सवर करावं.

घाई कशाला? एक तर नव्या लॅपटॉपना सीडी ड्राइव्ह येतच नाही. दुसरं म्हणजे, आपण राइट केलेल्या सीडीत माहिती असते ती रंगद्रव्याच्या एका पातळ थरात, आणि ऊन, उष्णता लागली की तो थर बिघडतो. त्यावरचा चकचकीत थर लेबलच्या बाजूला, नुसत्या लाखेच्या लेपाखाली असतो. म्हणजे बॉलपेनने दाबून 'फायनल प्रोजेक्ट' लिहिणाऱ्या महाभागांनी सीडीच्या सगळ्यात नाजूक जागेवर नांगर फिरवलाय!

आता लिनक्सच का? साधं कॉपी-पेस्ट केलं तर एका खराब सेक्टरपाशी ड्राइव्ह घरघरत बसतो आणि शेवटी एरर येते. ग्नू डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर तसं अडून बसत नाही. ते आधी चांगला भाग उचलतं, मग खराब जागांकडे पुन्हा पुन्हा वळतं, आणि कुठले सेक्टर मिळाले, कुठले नाहीत याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. तीच सीडी उद्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर तो नकाशा बघून फक्त राहिलेल्या जागा वाचतं. ८० मिनिटांच्या सीडीत सुमारे ३,६०,००० सेक्टर असतात. त्यातले चार गेले म्हणून अख्खा प्रोजेक्ट का सोडायचा?

गॅदरिंगच्या गाण्यांच्या ऑडिओ सीडीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यात फाइल्स नसतातच. डेटा सीडीच्या सेक्टरमधले २०४८ बाइट माहितीचे असतात आणि बाकीची जागा पत्ता नि चूक-दुरुस्तीसाठी राखलेली असते. ऑडिओत मात्र सगळे २३५२ बाइट आवाजाला दिलेले. नेमका पत्ता नसल्यामुळे ड्राइव्ह थोडं अलीकडे-पलीकडे वाचतो. सीडीपॅरानोईया हे सॉफ्टवेअर म्हणून प्रत्येक तुकडा पुढच्या तुकड्यावर थोडा चढवून वाचतं आणि दोन्ही जुळले तरच पुढे सरकतं. वाचन कसं चाललंय ते दाखवायला स्क्रीनवर एक स्मायली असतो, आणि सीडी त्रास द्यायला लागली की त्याचं तोंड बदलतं. आपल्या सबमिशनच्या आठवड्यासारखंच!

विंडोजवर चांगली सॉफ्टवेअर्स नाहीत असं मी म्हणत नाही. पण 'फुकट आहे' हेही माझं कारण नाही. कारण असं, की ही साधनं काय मिळालं नाही तेही सरळ सांगतात, आणि शेवटी हातात येते ती साधी आयएसओ फाइल. ती लिनक्समध्ये थेट माउंट करा, सीडी असल्यासारखीच उघडते. ती उघडायला कुठल्या एका कंपनीच्या पाया पडावं लागत नाही.

शिवाय सोर्स कोड खुला असला की भांडणातूनही काम वाचतं. सीडी राइट करणारा सीडीरेकॉर्ड हा प्रोग्रॅम यॉर्ग शिलिंग यांचा. २००६ साली लायसन्सवरून त्यांचं आणि डेबियनवाल्यांचं फाटलं. डेबियनने आधीचा कोड घेऊन सीडीआरकिट काढलं, शिलिंग आपलं काम करत राहिले. वापरणारा काही उघड्यावर पडला नाही.

कोणी म्हणेल, जुन्या व्हीबीच्या प्रोजेक्टचं आता काय लोणचं घालायचंय? मग मी विचारतो, दरवर्षी तोच अटेंडन्स सिस्टिम पहिल्यापासून का लिहायचा? आधीच्या मुलांनी जिथे सोडलं तिथून पुढे जाता आलं तर प्रोजेक्टला काही अर्थ येईल. तो कोड आज चालत नसेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून बघता येतो. पण त्यासाठी आधी तो हातात तर हवा!

खर्च म्हणाल तर लॅबमधला एक जुना पीसी, बाहेरून जोडायचे एक-दोन ड्राइव्ह आणि एक हार्ड डिस्क. शनिवारी हॉस्टेलची दोन-दोन मुलं पाळीपाळीने बसतील. प्रत्येक आयएसओसोबत तिचा नकाशा आणि चेकसम ठेवायचा, म्हणजे पुढे कोणाला शंका नको. सरांनी फक्त परवानगी आणि कपाटाची किल्ली द्यावी. चालू ड्राइव्ह मिळतायत तोवरच हे जमणार आहे. नंतर कितीही हळहळ करून उपयोग नाही.