एक पोते, दोन गाड्या



मागच्या आठवड्यात बार्शी तालुक्यातल्या एका गावी बैठकीला गेलो होतो. बोलणे तुरीच्या भावावर आले. एक तरुण शेतकरी म्हणाला, "साहेब, बाजारातला भाव ऐकायला बरा वाटतो. पण पट्टी हातात पडेपर्यंत पैसे गळतात. जातात कुठं?" मी त्याला बार्शी लाईट रेल्वेची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

बार्शी हे जुने व्यापारी गाव. बालाघाटाकडचा कापूस, गळिताचे धान्य तिथे उतरायचे. पुढे सरकी काढण्याचे जिन आले, गाठी बांधणारे प्रेस आले, कापडाच्या गिरण्या आल्या. पण मुंबईची मोठी रेल्वे गावापासून २१ मैलांवरून, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरवरून, गेलेली. आजच्या कुर्डूवाडीचे नाव तेव्हा 'बार्शी रोड' होते. तिथवर माल न्यायचा तो बैलगाडीने.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने यावर उपाय काढला. मोठ्या रेल्वेचे दोन रूळ साडेपाच फूट अंतरावर असतात. याने ते अडीच फुटांवर ठेवले. चाकांच्या कोणत्याही जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा नियम घातला. आपली बैलगाडी पुढे जड झाली तर ओझे बैलांच्या मानेवर येते आणि मागे जड झाली तर ती उलळते. म्हणून आपण माल सारखा लावतो. तसेच हे. भार सारखा वाटला म्हणून हलके रूळ चालले आणि खर्च आटोक्यात राहिला. १८९७ साली गाडी बार्शीला आली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातल्या लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. सगळा मार्ग २०२ मैलांचा झाला. १९५४ साली सरकारने तो कंपनीकडून विकत घेतला.

माझे आजोळ याच भागातले. लहानपणी आजीबरोबर मी या गाडीने पंढरपूरला जायचो. माणसांना त्रास नव्हता. बार्शीहून पंढरपूरपर्यंत सगळे अडीच फुटीच रूळ. अडचण होती ती मुंबईला जाणाऱ्या पोत्याची. छोट्या गाडीची वाघीण मोठ्या रुळांवर चालायची नाही. कुर्डूवाडीला पोते उतरवायचे आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा भरायचे. हमाल आकडा लावत, पोत्याला भोक पडे, दाणे सांडत. सांडलेले दाणे झाडून गोळा करणाऱ्या बायाही मी पाहिल्या आहेत. एकदा मी आजीला विचारले, "या हमालांना पैसे कोण देतं गं?" आजी म्हणाली, "कोण देणार? ज्याचं पोतं, तोच."

कॅलथ्रॉपचे चुकले असे मी म्हणणार नाही. मोठ्या रुळांचा खर्च पेलेपर्यंत थांबायचे ठरले असते, तर बार्शीला गाडी यायला किती वर्षे गेली असती कोण जाणे. स्वस्तात झाले म्हणूनच ते झाले. पण जे बांधताना वाचले, त्यातले काही प्रत्येक पोत्यामागे कुर्डूवाडीच्या फलाटावर मोजावे लागले.

पुढे रूळ रुंद झाले. लातूर ते उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हे काम २००७ मध्ये झाले. २००८ मध्ये कुर्डूवाडीपर्यंतचा मार्ग जोडला गेला आणि २०१० मध्ये पंढरपूर-मिरज मार्गही रुंद झाला. त्याची किंमत एप्रिल २०१६ मध्ये कळली. लातूर तहानले होते. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. पंढरपूर, कुर्डूवाडी, बार्शी या बार्शी लाईटच्याच जुन्या वाटेने ती लातूरला गेली. त्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून आणल्या होत्या. रूळ अडीच फुटीच असते तर त्या मिरजेच्या पुढे सरकल्याच नसत्या.

गोष्ट संपल्यावर मी त्या तरुणाला कागद घ्यायला लावला. "तुझं पोतं खळ्यापासून शेवटच्या खरेदीदारापर्यंत किती वेळा उचललं जातं, ते लिही." त्याने मोजले. खळ्यावर, घरी, गावच्या व्यापाऱ्याकडे दोनदा, बार्शीच्या आडतीवर दोनदा. सहा वेळा! दर वेळी हमाली, दोनदा तोलाई, शिवाय सांडलवंड. त्याची 'कुर्डूवाडी' त्याच्याच गावात निघाली.

तुम्हीही या हंगामात एवढे करा. माल खळ्यावरच चाळून, वाळवून, वजन करून चांगल्या पोत्यात भरा. शेजारच्या चार-पाच घरांचा माल एकत्र करून एकच वाहन ठरवा आणि मधला थांबा टाळून थेट मोठ्या बाजारात न्या. निघण्यापूर्वी वाहनाचे भाडे आणि वाचणारा खर्च शेजारी शेजारी लिहून पाहा. भाडे जास्त भरत असेल तर गावातच विका, त्यात कमीपणा नाही. पण हिशेब करून विका.

बाजारभाव आपल्या हातात नाही. पोते किती वेळा उचलायचे, हे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे.