खुर्ची आहे, पाठबळ नाही : एच.आर.ची नोकरी सोडावी का?

सातारा, कुपवाड आणि मिरज येथील औद्योगिक वसाहतींत गणवेशाच्या कापडाच्या ऑर्डरींसाठी माझे अनेक वर्षे जाणे-येणे आहे. कारखान्याला कापड विकणाऱ्या माणसाला मालकापेक्षा एच.आर. खात्यातच जास्त वेळ बसावे लागते. पूर्वी या खात्याला पर्सोनेल किंवा लेबर ऑफिस म्हणत. पाटी बदलली, काम तेच राहिले. भरती, हजेरी, रजा, पगारपत्रक, फंड आणि सगळ्यांच्या तक्रारी. आपल्या समाजातील बी.कॉम., एम.एस.डब्ल्यू., एम.बी.ए. झालेली बरीच मुले-मुली आज या खात्यात आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : "चाचा, वरून काडीचे पाठबळ नाही. नोकरी सोडू का?"

प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर नुसत्या 'हो' किंवा 'नाही'ने देता येत नाही.

प्रथम या नोकरीचे वेगळेपण लक्षात घ्यावे. सुपरवायझरचे वजन उत्पादनावर ठरते, सेल्समनचे विक्रीवर. एच.आर.च्या माणसाकडे दाखवायला माल नसतो. त्याचा शब्द हाच त्याचा माल, आणि त्या शब्दाला भाव मालकाच्या पाठिंब्याने येतो. एका कारखान्यात प्रत्येक कामगाराला गणवेशाचे दोन जोड मंजूर झाले. एच.आर. अधिकाऱ्याने फळ्यावर नोटीस लावली, मापे घेतली गेली. नंतर वरून हुकूम आला की एकच जोड द्या. समजावून सांगायला वरचे कोणी खाली आले नाही. कामगारांसमोर तो अधिकारीच उभा राहिला. माझी ऑर्डर निम्मी झाली. धंद्यात हे चालायचेच. त्या मुलाचा शब्द मात्र त्या दिवशी पडला, तो पुन्हा उभा राहायला फार दिवस लागले.

कायद्यानेही त्याची अवस्था अडचणीचीच आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, त्यांत ही मर्यादा 250 वर आली. म्हणजे कामगाराचे ऐकायला माणूस हवा, हे सरकारने मान्य केले. पण मुख्यतः व्यवस्थापनाचे काम करणारा स्वतः 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. दुसऱ्यांच्या तक्रारी सोडवणाऱ्याने आपली तक्रार कोणाकडे न्यावी?

तरीही रागाच्या भरात उठून जाणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्याच भागातील दोन उदाहरणे पाहावीत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्ही.जे.टी.आय. या संस्थेत शिक्षक होते. हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. परंतु त्याआधीच, 1888 साली, बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान सुरू झालेले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि भाऊ विकीत. पाय टेकायला जागा होती, म्हणून पाऊल उचलता आले. पुढे 1910 साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. ती तेव्हा औंध संस्थानात होती, आज सांगली जिल्ह्यात आहे.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. ओगलेवाडीची काचेची वस्तू आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. ही फिरती चालू असतानाच 1919 साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली. नोकरी नंतर सुटली, पण सुटण्याआधी पुढचे काम उभे होते.

आता तरुणांनी काय करावे? माझा मशवरा असा. पाठबळ मिळत नाही म्हणजे नेमके काय मिळत नाही, हे कागदावर लिहावे. माणूस कमी आहे? निर्णय परस्पर फिरवले जातात? की चारचौघांत अपमान होतो? मग ते शांतपणे, लेखी स्वरूपात वरिष्ठांपुढे ठेवावे आणि तीन महिने थांबावे. पुष्कळदा मालक वाईट नसतो. त्याला या खात्याचे काम दिसतच नसते. तीन महिन्यांत थोडाही फरक पडला तर थांबावे. अजिबात पडला नाही तर दुसरी नोकरी शोधायला लागावे, हातातली न सोडता.

हिशेबही नीट करावा. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा पगार 26,000 असेल तर दर वर्षाला 15 दिवसांचे, म्हणजे 15,000 रुपये होतात. कायम नोकरीत पाच वर्षे पूर्ण झाल्यावर हे 75,000 हक्काचे. साडेचार वर्षांवर चिडून राजीनामा देणारा सहा महिन्यांसाठी सगळे गमावतो. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत मात्र नव्या संहितेप्रमाणे एक वर्ष पुरते. फंडाचे खाते नव्या नोकरीत पुढे न्यावे, मोडून खाऊ नये; पेन्शनच्या हक्कासाठी दहा वर्षे जुळावी लागतात.

एका बाबतीत मात्र तीन महिनेही थांबू नये. पाठबळ नसणे सहन करता येते. पण खोटी हजेरी, न दिलेल्या ओव्हरटाइमचा कागद, धमकावून घेतलेला कामगाराचा राजीनामा, यांवर तुमची सही मागितली जाऊ लागली तर तेथे ग्रॅच्युइटीचा हिशेब करू नये. पगार कंपनीचा असतो, सही आपली असते. चौकशी आली की फाईल उघडते, आणि त्या फाईलवर नाव तुमचे निघते. घरच्यांना विश्वासात घेऊन, दोन-चार महिन्यांचा खर्च बाजूला काढून तेथून बाहेर पडावे.

मालक बंधूंनाही दोन शब्द. गिरणीत धागा तुटला तर तुम्ही माग थांबवून सांधता. तुमच्या आणि कामगारांच्या मधला धागा हा माणूस आहे. तो गेला की फंडाचे चलन, ठेकेदारांचे परवाने, कोणाच्या घरी काय अडचण आहे, ही सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते. त्याला दिलेला शब्द पाळायला पैसे लागत नाहीत.

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. उर्दूत नोकरी सोडण्याला 'इस्तिफा' म्हणतात आणि 'राजीनामा' म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीचा, समझोत्याचा कागद. मराठीने नोकरी सोडण्यासाठी हाच दुसरा शब्द घेतला, हे मला आवडते. तो कागद लिहाल तेव्हा आधी स्वतःचे मन राजी आहे ना, ते पाहा. रागाने लिहिलेला असेल तर एक रात्र खिशात ठेवा. सकाळीही मन राजी असेल, तर खुशाल द्या.