फाटलेला पडदा

आम्ही पडलो इंजिनियर. डॉक्टरकीत नाक खुपसायचा आम्हाला अधिकार नाही. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या एका स्नेह्यांची गाडी बर्फावरून घसरली, दुसऱ्या गाडीची बाजूनं धडक बसली आणि त्यांचं कमरेचं हाड, म्हणजे पेल्व्हिस, मोडलं. त्यातून रक्त जाऊन माणूस दगावू शकतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच. छातीचा पहिला एक्स-रे ठीक होता. पण व्हेंटिलेटर काढल्यावर त्यांना धाप लागू लागली. पुन्हा एक्स-रे काढला, तर नाकातून जठरात घातलेली नळी चक्क छातीत वेटोळं घालून बसलेली!

छाती आणि पोट यांच्यामध्ये डायफ्रॅम नावाचा स्नायूचा पडदा असतो. पेल्व्हिससारखं भक्कम हाड मोडणाऱ्या धडकेनं पोटातला दाब एकदम वाढतो आणि कधीकधी हा पडदा फाटतो. उजवीकडे यकृताची उशी असते, म्हणून बहुधा डावीकडेच. व्हेंटिलेटर छातीत हवा दाबून भरतो, तोवर पोटातले अवयव खाली राहू शकतात. तो काढला की प्रत्येक श्वासाबरोबर ते वर ओढले जातात. दाबाचं हे गणित मात्र आम्हाला लगेच पटलं!

निदानासाठी सी.टी. स्कॅन करतात, पण छोटी चीर त्यातही निसटते. शंका उरलीच तर दुर्बिणीनं आत पाहतात. ही चीर आपोआप भरून येत नाही. आमच्या स्नेह्यांचं पोट उघडून जठर खाली ओढलं आणि न विरघळणाऱ्या टाक्यांनी पडदा शिवला. आता ते काठीशिवाय चालतात.

चीर तशीच राहिली, तर महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा तिच्यात आतडं अडकून सडू शकतं. गोळी लागून बरा झालेला एक कप्तान काही महिन्यांनी असाच दगावल्याची नोंद फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे यांनी १५७९ साली केली होती.

म्हणून वाचकहो, एकच विनंती. दम लागतो, जेवल्यावर छातीत दुखतं, अशी तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेलात, तर जुना अपघात आवर्जून सांगा. भारतातून आलेल्या आई-बाबांनाही विचारा. दहा वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडल्याची नोंद इथल्या फाइलमध्ये नसते आणि ‘त्यात काय सांगायचं?’ म्हणून ती मंडळी गप्प बसतात.