सल्ल्याला उत्तर हवे!

सल्लागारांची वानवा कोणत्याही सत्ताधाऱ्याला कधी पडली नाही. वानवा पडते ती सल्ला ऐकण्याच्या वृत्तीची. म्हणूनच एखाद्या सरकारने कारभार सुधारण्यासाठी सल्लागार मंडळ नेमले की टाळ्या पिटण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते. मंडळाने सांगितले आणि कारभाऱ्याने ते कानांआड केले, तर पुढे काय? कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाच्या व्यवस्थापन सल्लागार मंडळाबाबत हाच प्रश्न आज उभा आहे.

रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस हे लाल डगल्याचे घोडेस्वार दल १८७३ साली जन्मास आले आणि १९२० साली त्याला आजचे नाव मिळाले. केंद्रीय गुन्ह्यांचा तपास तर त्याच्याकडे आहेच. शिवाय ऑन्टारिओ व क्वेबेक हे दोन प्रांत वगळता उर्वरित प्रांतांत करारान्वये गावोगावचा बंदोबस्तही तेच पाहते. एवढ्या विस्तीर्ण दलाचे नियंत्रण व व्यवस्थापन कायद्याने एका आयुक्ताच्या हाती, मंत्र्याच्या निर्देशाधीन, सोपविले आहे. टोरांटोसारख्या शहरात पोलीसप्रमुखाची नेमणूक नागरी मंडळ करते आणि त्याला जाबही तेच विचारते. राष्ट्रीय दलावर मात्र असे मंडळ कधीच नव्हते.

त्याची फळे दलाने भोगली. निवृत्तिवेतन व विमा निधीच्या गैरव्यवस्थेवरून गदारोळ माजला, तेव्हा डेव्हिड ब्राउन यांच्या कार्यदलाने २००७ साली या दलाला स्वतंत्र व्यवस्थापन मंडळ द्यावे, अशी स्पष्ट शिफारस केली. ती मान्य झाली नाही. पुढे दलातील स्त्रियांनी वर्षानुवर्षे सोसलेल्या छळाची प्रकरणे न्यायालयात पोहोचली आणि २०१६ साली आयुक्तांना जाहीर क्षमा मागावी लागली. दलाविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या आयोगाने २०१७ साली नागरी देखरेखीची आवश्यकता पुन्हा सांगितली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश मिशेल बास्ताराश यांचा अहवाल आला. दोन हजारांहून अधिक स्त्रियांना भरपाई देण्यात आली होती, आणि रोग दलाच्या संस्कृतीतच मुरला आहे, बाहेरून दाब आल्यावाचून तो हटणार नाही, हा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. वर्दीवर विश्वास ठेवून दलात गेलेल्या आणि मन मोडून परतलेल्या स्त्रियांचे हे गाऱ्हाणे होते.

मधल्या काळात, २०१९ साली, सरकारने कायद्यात दुरुस्ती करून व्यवस्थापन सल्लागार मंडळाची स्थापना केली. त्यात जास्तीत जास्त तेरा सदस्य. मनुष्यबळ, अंतर्गत नियंत्रण, नियोजन व अंदाजपत्रक यांविषयी आयुक्ताने विचारल्यावर किंवा आपण होऊन सल्ला देणे, हे त्याचे काम. आपल्या सल्ल्याचा स्त्रीपुरुषांवर व इतर समाजघटकांवर काय परिणाम होईल, याचा विचार करण्याचे बंधनही मंडळावर आहे. सल्ल्याची प्रत ते मंत्र्याकडे पाठवू शकते. पण चालू तपासात किंवा खटल्यात अडथळा येईल असा सल्ला मात्र देऊ शकत नाही. ही मर्यादा योग्यच आहे. कोणाला पकडावे नि कोणाला सोडावे, हे मंडळाने वा मंत्र्याने ठरवू लागावे, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही.

परंतु घोडे पेंड खाते ते पुढेच. सल्ला मानण्याचे बंधन आयुक्तावर नाही, हे एक वेळ समजू शकते. पण सल्ला लोकांपुढे मांडण्याचे, किंवा तो का नाकारला याचे लेखी कारण देण्याचे बंधनही २०१९ च्या त्या दुरुस्तीत घातलेले नाही. सांगणाऱ्याने सांगावे, ऐकणाऱ्याने मान डोलवावी आणि कागद दप्तरात बांधून ठेवावा! याला देखरेख म्हणावयाचे असेल, तर पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यालाही सिंचन म्हणावे लागेल.

यावर पोलिसांच्या स्वातंत्र्याची ढाल पुढे केली जाते. ती किती पोकळ असू शकते, हे कॅनडानेच पाहिले आहे. २०१० साली टोरांटोत जी-२० परिषदेच्या वेळी हजाराहून अधिक माणसे पकडली गेली. न्यायमूर्ती जॉन मॉर्डन यांनी २०१२ च्या अहवालात शहराच्या पोलीस मंडळाला बोल लावला तो नेमका या कारणास्तव: कारवाईसंबंधी प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकारच नाही, अशी समजूत करून घेऊन मंडळ गप्प बसले होते. प्रश्न विचारणे म्हणजे हुकूम सोडणे नव्हे, हा साधा भेद विसरला की स्वातंत्र्याचे रूपांतर बेजबाबदारपणात होते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कोशियात एका बंदूकधाऱ्याने बावीस जणांचे प्राण घेतले. पोलिसांच्या गाडीसारखी सजविलेली गाडी घेऊन तो मोकाट फिरत असता सार्वजनिक इशारा यंत्रणा वापरली गेली नाही. दल सूचना देत होते ती ट्विटरवरून. त्या रात्री कोणत्या शिपायाने कोठे जावे, हे मंडळाने सांगावयाचे नाही हे मान्य. पण असा प्रसंग ओढवल्यास लोकांना कसे सावध करावयाचे, याची व्यवस्था अगोदर केलेली आहे काय, हा प्रश्न निखळ व्यवस्थापनाचा आहे. तो वेळीच विचारणारा आणि त्याचे उत्तर मिळविणारा कोणी असावयास हवा. २०२३ साली चौकशी आयोगाने आपला अहवाल दिला. पण बैल गेल्यावर झोपा केल्याने गेलेला जीव परतत नाही.

आमच्या देशालाही हा धडा परका नाही. प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात सुरक्षा आयोग स्थापण्याचा आदेश दिला आणि त्याच्या शिफारशी राज्य सरकारवर बंधनकारक राहतील असे बजावले. पुढे अनेक राज्यांनी आपापल्या कायद्यांत आयोग ठेवला, त्यातील बंधन तेवढे सैल केले. पाटी राहिली, दुकान रिकामे!

म्हणून आमचे म्हणणे असे. चालू तपास व खटले कसोशीने वगळावेत; परंतु मंडळाचा बाकी प्रत्येक सल्ला ठराविक मुदतीत प्रसिद्ध व्हावा, आयुक्ताने तो मानला की नाकारला हे कारणांसह लिहून द्यावे आणि ते उत्तर संसदेपुढे ठेवावे. आयुक्ताचा अधिकार याने रतिभरही कमी होत नाही. कमी होते ती गप्प बसून वेळ मारून नेण्याची सोय. ब्राउन यांची शिफारस नाकारली गेली तेव्हा त्या दलातील स्त्रियांना कोणीच उत्तर दिले नाही. यापुढे नकार द्यावयाचा असेल तर तो सहीनिशी द्यावा, एवढीच मागणी आहे.