नावाचे तारण

न्यू जर्सीत राहणारी माझी नात यंदा अकरावीत आहे. एका रात्री मुलाचा फोन आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला एखाद्या विद्यापीठाच्या नाट्यवर्गाला घालायचे आहे, माहितीपत्रके पाठवतो, जरा नजर टाका, असे त्याचे म्हणणे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या वडिलांचा सल्ला त्याला हवा आहे असे मला क्षणभर वाटले. मग फीचे आकडे पाहिले आणि त्याने बँकेतल्या वडिलांना बोलावले आहे हे लक्षात आले.

नामांकित विद्यापीठांच्या चार ते सहा आठवड्यांच्या अशा वर्गाचा खर्च, राहण्या-जेवण्यासकट, दहा हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. म्हणजे आठ लाख रुपयांहून अधिक. हे पैसे मुलीच्या कॉलेजसाठी साठवलेल्या पुंजीतून काढायचे आहेत.

आपल्याकडे नाट्यशिबीर म्हटले की मे महिना, शाळेचे सभागृह, पत्र्याच्या पेटीतले दागिने आणि शेवटच्या दिवशी आई-वडिलांसमोर प्रयोग, असे चित्र उभे राहते. तिकडे हा प्रकार जुना आणि भारदस्त आहे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग काढले ते १९३१ साली. तिथे येणाऱ्या मुलांना ‘चेरब’, म्हणजे देवदूताची गुबगुबीत बाळे, असे लाडाने म्हणतात. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनचा नाट्यविभाग १९१४चा. नाटकाची पदवी देणारा तो त्या देशातला पहिला. तेव्हा या मंडळींना काही येत नाही असे म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. आपल्या सुधा करमरकर अमेरिकेतली बालरंगभूमी पाहून आल्या आणि १९५९ साली त्यांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ उभे केले. ते ऋण आपल्या डोक्यावर आहेच.

खटकले ते निराळे. मुलाच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनंतर ‘ॲडमिशन’ येत होते. तिथे नाटकाच्या पदवीला जायचे तर बारावीच्या हिवाळ्यात बऱ्याच विद्यापीठांपुढे परीक्षा द्यावी लागते. बहुधा एकमेकांहून वेगळ्या प्रकृतीची दोन स्वगते सादर करायची, काही ठिकाणी त्याआधी ध्वनिचित्रफीत पाठवायची, आणि शेकडो-हजारो उमेदवारांतून मूठभर निवडले जातात. अकरावीच्या उन्हाळ्यात भरलेली फी हा त्या प्रवेशाचा इसार आहे, अशी पालकांची समजूत असते. तो इसार नाही. उन्हाळी वर्गाला आलात म्हणून प्रवेशाची हमी नाही, हे विद्यापीठे स्वतःच सांगतात. फक्त ते पत्रकाच्या शेवटी असते, आणि मुखपृष्ठावर हिरवळीवर हसणारी मुले असतात.

मालतारणाच्या कर्जांची तपासणी मी बरीच वर्षे केली. एका गोदामात पुढची पोती धान्याची होती आणि मागच्या चार थप्प्यांत भुसा. गोदामाच्या दारावरची पाटी मात्र तालुक्यात मानाची होती, म्हणून माझ्याआधीच्या साहेबांनी मागे जाऊन पाहिलेच नव्हते. विद्यापीठाचे नाव ही अशीच पाटी. उन्हाळ्यात आवार रिकामे असते. कित्येक ठिकाणी बाहेरच्या कंपन्या वसतिगृहे आणि वर्ग भाड्याने घेऊन शिबिरे चालवतात, आणि त्या शिबिरांशी विद्यापीठाचा संबंध घरमालकाइतकाच असतो. म्हणून शिकवणार कोण, हे आधी विचारायचे. विभागातले कायमचे शिक्षक, की उन्हाळ्यापुरते नेमलेले विद्यार्थी? (विद्यार्थी वाईट शिकवतात असे नाही. पण मग भाव त्याप्रमाणे हवा.) एका वर्गात किती मुले, आवाजाचे किती तास, शरीराचे किती, हे वेळापत्रक मागितल्यावर जो ‘अनुभव अविस्मरणीय असतो’ एवढेच कळवतो, त्याला मी कर्ज दिले नसते.

शेवटच्या प्रयोगाबद्दल माझे मत घरात कोणाला पटलेले नाही. आई-वडील विमानाने येणार म्हटल्यावर पाचातले तीन आठवडे तालमीत जातात, दोघांना मोठ्या भूमिका मिळतात आणि उरलेली मुले गर्दीत उभी राहतात. ज्या वर्गात प्रयोग नाही किंवा साध्या कपड्यांत छोटे प्रवेश करून दाखवतात, तिथे शिकणे जास्त होत असावे. सून म्हणते, मग आम्ही बघायला काय जायचं? तिचेही खरे आहे.

आणखी एक गोष्ट पत्रकात सापडत नाही. अभिनय शिकवण्याच्या पद्धतींत अमेरिकेत मोठे भांडण झालेले आहे. ली स्ट्रासबर्ग नटाला स्वतःच्या आयुष्यातली दुःखद आठवण उकरून भूमिकेत वापरायला सांगत. त्यांच्याच ग्रुप थिएटरमधल्या स्टेला ॲडलर १९३४ साली पॅरिसमध्ये खुद्द स्तानिस्लावस्कींना भेटून आल्या आणि म्हणाल्या, भर आठवणीवर नको, नाटकातल्या परिस्थितीवर आणि कल्पनाशक्तीवर हवा. दोन्ही घराण्यांची परंपरा आजही चालू आहे. तिशीतल्या नटाने कुठले घराणे निवडावे हा त्याचा प्रश्न. पण घरापासून दूर, अनोळखी मुलांसमोर, सोळा वर्षांच्या पोरीला कुठल्या आठवणीवर रडायला सांगणार आहात, हे विचारायचा हक्क आई-वडिलांना आहे. माझ्या दृष्टीने फीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

एवढे सगळे टिपण तयार करून मी रविवारी फोन केला. मुलगा आणि सून ऐकत होते. नात मागे कुठेतरी होती. तिला विचारले, ‘‘अगं, तुला कुठलं बरं वाटतंय?’’

‘‘आजोबा, मला स्टेजवर जायचंच नाहीये,’’ ती म्हणाली. ‘‘मला लाइट्स करायचेत.’’

शाळेच्या संगीत नाटकाला दोन वर्षे प्रकाशयोजनेचा बोर्ड तीच सांभाळते आहे. हे घरात सर्वांना माहीत होते. त्याचा या पत्रकांशी संबंध असेल हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. माझ्याही नाही. तीन पाने टिपण, आणि त्यात अर्जदाराची गरज हा पहिलाच रकाना कोरा!

पत्रके पुन्हा काढली. नॉर्थवेस्टर्नमध्ये नेपथ्य-प्रकाशाकडे वळलेल्या मुलांसाठी निराळी वाट आहे. इतरही काही ठिकाणी आहे. ‘‘बाबा, इतके पैसे भरून ही दिवे लावणार?’’ असे मुलाने विचारलेच. मी म्हटले, स्वगत आरशासमोरही पाठ होतं. शंभर दिव्यांचं नाट्यगृह घरात नसतं. त्यासाठी विद्यापीठात जायला थोडा तरी अर्थ आहे.

तो अजून पुरता राजी नाही. नातीने मात्र तीन ठिकाणी स्वतःच पत्रे लिहिली. फी, आर्थिक मदत वगैरे मी सांगितलेले विचारले, आणि खाली स्वतःचा एक प्रश्न घातला: आमच्या वयाच्या मुलांना शिडीवर चढून दिवे टांगू देता, की खाली उभे राहून बघायला लावता? एका ठिकाणचे उत्तर आले आहे. दोन यायची आहेत.