चिथावणीला उत्तर कसे द्यावे?

निवडणुकीचे वारे वाहू लागले, अथवा सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाच्या दाव्याची तारीख जवळ आली, की दोन्ही राज्यांतील पुढाऱ्यांच्या जिभेला धार चढते, हा सीमाभागातील जनतेचा जुना अनुभव आहे. एका बाजूचा पुढारी काही बोलतो, दुसऱ्या बाजूचा त्याहून वरच्या पट्टीत त्याला उत्तर देतो, वृत्तपत्रांना मथळा मिळतो आणि तिसऱ्या दिवशी बेळगाव किंवा निपाणीच्या बाजारपेठेत कोणाच्या तरी दुकानाची पाटी फुटते. ज्यांनी भाषणे ठोकली ते तोवर आपापल्या राजधानीस सुखरूप पोहोचलेले असतात. प्रतिपक्षाच्या प्रक्षोभक वाणीला राजकीय पक्षांनी कोणत्या रीतीने उत्तर द्यावे, हा प्रश्न इतरत्र केवळ सभ्यतेचा असेल. आमच्या वाचकांना तो पोटापाण्याचा आहे, आणि प्रसंगी जीविताचाही. १७ जानेवारी १९५६ रोजी सीमाभागात गोळीबार झाला तो ज्यांनी पाहिला, किंवा ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

२०२२ सालच्या अखेरचे उदाहरण घेऊ. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री श्री. बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील चाळीस गावांवर हक्क सांगितला आणि पाठोपाठ सोलापूर-अक्कलकोटचेही नाव घेतले. महाराष्ट्रातून लगोलग उत्तरांची सरबत्ती सुरू झाली. महाराष्ट्राच्या दोन मंत्र्यांचा बेळगाव दौरा ठरला, लांबला आणि बारगळला. ६ डिसेंबर रोजी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मालमोटारींवर दगडफेक झाली. इकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. एस.टी.च्या फेऱ्या थांबल्या. दगड खाणारा तो मालमोटारीचा चालक ना बंगळूरचे राजकारण चालवीत होता ना मुंबईचे. तो कांदे-बटाटे पोहोचवीत होता.

आता या प्रकरणात खरे उत्तर कोणते होते, हे पाहण्यासारखे आहे. जत तालुक्यातील गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा २०१२ च्या सुमारास केली होती ती कानडीच्या प्रेमापोटी नव्हे, तर पाण्यावाचून तडफडत असताना केली होती. श्री. बोम्मई यांनी नेमकी तीच जुनी जखम हुडकून तिच्यावर बोट ठेविले. यावर 'एक इंचही भूमी देणार नाही' अशी गर्जना करणे सोपे होते व ती यथास्थित झालीही. परंतु श्री. बोम्मई यांच्या हातातील शस्त्र काढून घेतले ते या गर्जनेने नव्हे. त्या वेळचे उपमुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनी तो ठराव जुना आहे, हल्लीचा नाही, हे स्पष्ट केले, आणि सरकारने म्हैसाळच्या विस्तारित योजनेचे पाणी जतच्या पूर्व भागास लवकर पोहोचविण्याची भाषा सुरू केली. एक वस्तुस्थिती आणि एक कालवा, हेच काय ते उत्तर होते! ज्या दुखण्यावर प्रतिपक्षाचा वक्ता मीठ चोळतो, ते दुखणे बरे करणे हे राज्यकर्त्या पक्षाच्या हातचे असते आणि त्याला माणसांची डोकी फोडावी लागत नाहीत. दहा वर्षे ते का झाले नाही, हा प्रश्न मात्र जतच्या शेतकऱ्याने मुंबईस विचारावयास हवा, आणि तो विचारला म्हणजे कोणी महाराष्ट्रद्रोही ठरत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईस चौपाटीवर श्री. मोरारजी देसाई व श्री. स. का. पाटील यांची सभा झाली. काँग्रेस जिवंत आहे तोवर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, पाच हजार वर्षांतही मिळणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्या व्यासपीठावरून निघाल्याचे आजही मराठी माणूस विसरलेला नाही. प्रक्षोभक भाषण म्हणजे काय, याचा याहून शुद्ध नमुना सापडणे कठीण. मराठी मनाला त्या दिवशी जे झाले ते समजण्यासारखे होते; लोक खवळले, सभा उधळली गेली, दगड उडाले. परंतु त्या दगडांनी कोणाचे काम केले? दुसऱ्या दिवशी सत्तेच्या बाजूची चर्चा त्या उद्गारांची राहिली नाही, ती दगडांची झाली. २१ तारखेस संप झाला, विधानसभेवर मोर्चा निघाला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी पंधरा माणसे पडली. पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच जो आगडोंब उसळला, त्यात गुजराती व्यापाऱ्यांच्या दुकानांवर हल्ले झाले, आणि ज्यांना मराठी माणसाची मागणी न्याय्य वाटत होती अशा परप्रांतीयांची सहानुभूतीही डळमळली. गोळ्या मात्र मराठी माणसांच्याच छातीवर बसल्या.

संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास स्थापन झाली ती या अनुभवानंतर. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन अशी एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी मंडळी तीत एकत्र आली. श्री. एस. एम. जोशी यांच्यासारख्या पुढाऱ्याची खरी कसोटी मोरारजींना उत्तर देण्यात नव्हती. आपल्याच बाजूच्या संतप्त माणसाला त्याचा संताप न विझविता आवरणे, हे त्यांच्यापुढचे काम होते. हे काम कसे होते याचे चित्र ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडाने पाहिले. शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते व्हावयाचे होते. द्वैभाषिक लादलेले, रक्त सांडून दोन वर्षेही झालेली नाहीत, महाराजांविषयी पंडितजींनी पूर्वी केलेल्या लिखाणाचा सल मनात, अशा वेळी हजारो माणसे काळी निशाणे घेऊन घाटरस्त्याला उभी राहिली. एवढ्या मोठ्या समुदायातून एखादा माथेफिरू दगड सुटला असता तर चळवळीचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. तो सुटला नाही. पंडितजींची मोटार त्या काळ्या निशाणांमधून गेली. मराठी माणूस नाराज आहे, संख्येने प्रचंड आहे, आणि तरीही तो स्वतःच्या ताब्यात आहे, एवढे त्यांनी पाहिले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला जो धडा दिला होता त्याचा अर्थ दिल्लीस उमगला त्यात या प्रतापगडच्या दृश्याचा वाटा मोठा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. १ मे १९६० चा दिवस चौपाटीच्या दगडांनी आणलेला नाही.

यावर कोणी आम्हास विचारील, आचार्य अत्र्यांचे काय? 'मराठा' पत्रातून व व्यासपीठावरून त्यांनी प्रतिपक्षावर जी आग ओकली ती सौम्य होती काय? मुळीच नव्हती. पुष्कळदा ती मर्यादेच्या पलीकडे जात असे, हेही आम्ही म्हणू. पण अत्र्यांच्या प्रहारात एक गोष्ट होती जी त्यांच्या आजच्या अनुकरण करणारांना साधत नाही: ते सत्ताधारी माणसावर तुटून पडत आणि हजारो श्रोत्यांना पोट धरून हसवीत. हसणारा श्रोता घरी जाऊन जेवतो. दात-ओठ खात सभेतून निघालेला श्रोता वाटेत कोणाचे तरी घर शोधतो. मुख्यमंत्र्याची टवाळी करणे वेगळे आणि शेजारच्या गल्लीतील कानडी, गुजराती किंवा मुसलमान कुटुंबाकडे बोट दाखविणे वेगळे. पहिल्या गोष्टीला लोकशाहीत मुभा आहे. दुसरी गोष्ट करणाऱ्याला व्यासपीठावरून खाली उतरविले पाहिजे, मग तो कितीही टाळ्या घेणारा असो.

तेव्हा मूग गिळून बसा, असा आमचा सल्ला आहे असे कोणी समजू नये. चिथावणीकडे दुर्लक्ष केले की ती आपोआप विझते, हे राजधानीत बसून सांगणारांचे तत्त्वज्ञान आहे. एखादे असत्य चार दिवस उत्तरावाचून राहिले तर पाचव्या दिवशी ते प्रश्न म्हणून लोकांच्या तोंडी येते आणि दहाव्या दिवशी समजूत म्हणून मुलांच्या. उत्तर दिलेच पाहिजे, आणि चोवीस तासांच्या आत दिले पाहिजे. मात्र ते उत्तर कोणाला उद्देशून आहे, याचा विचार आधी झाला पाहिजे. जो वक्ता जाणूनबुजून आग लावतो त्याचे मन तुमच्या प्रत्युत्तराने पालटणार नाही. तुमच्या चिडण्यासाठीच त्याने तोंड उघडले आहे. उत्तर द्यावयाचे ते त्याच्यासमोर बसलेल्या श्रोत्याला, शक्य तर त्याच श्रोत्याच्या भाषेत. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सभेत आपली बाजू कानडीतूनही मांडणारा एक वक्ता ठेवावा, असे सुचविले तर काहींच्या भुवया चढतील. पण खडेबाजारातील कानडी व्यापाऱ्याला आमच्या मागणीत त्याच्या जिवाला व धंद्याला धोका नाही हे पटले, तर प्रक्षोभक वक्त्याच्या सभेतील एक खुर्ची रिकामी होते. आजवर त्याला हे सांगावयास कोण गेले आहे?

आणखी एक गोष्ट, जी सांगितलेली कोणत्याच पक्षाला आवडणार नाही. दुसऱ्याच्या जिभेस लगाम मागण्याचा अधिकार आपली जीभ आवरल्यावाचून मिळत नाही. ब्रिटनमधील हुजूर पक्षाचा दाखला यासाठी घेण्यासारखा आहे. २० एप्रिल १९६८ रोजी त्या पक्षाचे एक वजनदार पुढारी श्री. इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे परदेशांतून येऊन स्थायिक होणाऱ्या काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध अत्यंत विखारी भाषण केले. पक्षनेते श्री. एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना आपल्या विरोधी मंत्रिमंडळातून काढून टाकले. पॉवेल यांच्या बाजूने पत्रांचे ढीग आले, गोदी कामगारांनी पार्लमेंटवर मोर्चा नेला, म्हणजे मते कोठे होती हे हीथ यांना दिसत नव्हते असे नाही. तरीही त्यांनी पाऊल मागे घेतले नाही आणि १९७० च्या जूनमध्ये हुजूर पक्षच निवडून आला. आपल्याकडे असे वागणारा पक्षनेता आम्ही शोधीत आहोत. आपल्याकडे अशा भाषणानंतर 'विपर्यास झाला' असा खुलासा निघतो आणि पुढच्या निवडणुकीत त्याच गृहस्थांचे तिकीट कायम राहते.

कायदा आहे, तो वापरावा, हे योग्यच. जमातीजमातींत वैर वाढविणारा प्रचार हा १९६१ च्या दुरुस्तीपासून लोकप्रतिनिधित्व कायद्याने निवडणुकीतील भ्रष्टाचार ठरविला आहे, आणि जुन्या दंडसंहितेचे १५३-अ हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १९६ व्या क्रमांकाने आले आहे. परंतु कायद्याची चाल किती, हेही ठाऊक असावे. मुंबईत विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मध्ये झाली. धर्माच्या नावे प्रचार झाला म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने १९८९ साली रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला ११ डिसेंबर १९९५ रोजी, म्हणजे त्या विधानसभेची मुदत संपून पाच वर्षे उलटल्यावर. ती भाषणे करणारे श्री. बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला तो १९९९ साली. भाषणाचा परिणाम व्हावयाचा तो मात्र तीन आठवड्यांत होऊन गेलेला असतो. म्हणून फिर्याद अवश्य गुदरावी, भाषणाचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, पण फिर्याद दिली म्हणजे कर्तव्य संपले असे मानू नये. आणि फिर्याद देणाऱ्या पक्षाने आपल्याच वक्त्याने तसेच भाषण केले असता काय केले, हे लोक विचारतील तेव्हा सांगता यावे.

१४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत गृहमंत्री श्री. अमित शहा यांच्यासमोर दोन्ही मुख्यमंत्री बसले व न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी कोणाच्या प्रदेशावर हक्क सांगू नये असे ठरले. पुढाऱ्यांच्या नावे खोटी खाती उघडून आगीत तेल ओतले गेले, असेही त्या वेळी सांगण्यात आले. आठ दिवसांत, २२ डिसेंबरला कर्नाटकच्या विधिमंडळाने एक ठराव केला, २७ डिसेंबरला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांचा आपला ठराव केला. ठरावांबद्दल आमची तक्रार नाही. मागणी ठरावाने मांडावयाची नाही तर कशाने? न्याय्य मागणीला आवाज चढविण्याची गरज पडत नाही, एवढेच आम्ही म्हणतो. परंतु त्या दोन महिन्यांत मुंबई-बंगळूरमधील एकाही वक्त्याने व्यासपीठावर चढण्यापूर्वी बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मंडळींना विचारले होते काय, की आम्ही उद्या हे बोललो तर परवा तुमच्या बाजारपेठेत काय होईल? पुढच्या वेळी तेवढे विचारावे. दूरध्वनी लागतो, आणि येथील माणसे खरे तेच सांगतील.